आंघोळीला पाच गुण

पुनर्वसन विभागात असताना सगळ्यात जास्त काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी व्यायाम म्हणत नाही. वाट पाहिली म्हणते. फिजिओची वाट, सिस्टरची वाट, व्हीलचेअर मोकळी होण्याची वाट, राउंडची वाट, भेटीच्या वेळेची वाट, आणि खरं सांगायचं तर भेटायला आलेली माणसं उठून जाण्याचीही वाट. बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र असतं. दोन समांतर दांड्यांमधून घामाघूम होत चालणारा पेशंट आणि शेजारी 'शाब्बास, अजून एक पाऊल' म्हणणारा तरुण फिजिओ. ते खोटं नाही, पण ते दिवसातल्या थोड्या वेळाचं. बाकीच्या वेळात पेशंट खाटेवर असतो नाहीतर खुर्चीत, आणि समोरच्या भिंतीवर कुठला डाग कुठे आहे हे त्याला पाठ झालेलं असतं.

माझ्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. बहुतेक स्ट्रोक असेच होतात; रक्तवाहिनी फुटून होणारे त्यामानाने कमी. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मला थोडंच आठवतं, आणि जे आठवतं ते सगळ्यांचं सारखंच असतं: धावपळ, मशीनचे आवाज, 'नाव सांगा, आज वार कोणता' हा प्रश्न पुन्हा पुन्हा. डावा हात आणि डावा पाय गेले होते. बोलणं जरा बोबडं झालं होतं, पण शाबूत होतं. प्रकृती स्थिरावल्यावर मला पुनर्वसन विभागात हलवलं. आयसीयूत माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, श्वास चालू ठेवला की पुरे होतं. इथे पहिल्याच सकाळी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय काय करता यायला हवंय?" काय उत्तर द्यावं मला कळेना. मला सगळंच करता येत होतं की, परवापरवापर्यंत.

ती ओटी होती, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एवढं लांब नाव वॉर्डात कुणी घेत नाही. फिजिओ पायाचं बघतो आणि ओटी हाताचं, ही पेशंटांनी केलेली ढोबळ वाटणी. खरं तर रोजची कामं पुन्हा जमावीत हे बघणं ओटीकडे असतं. तिने कोरा कागद पुढे ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी जन्मभर गणित शिकवलेली बाई. लहान मुलांना देतात ते काम मला दिल्याचा थोडा रागच आला. मी वर्तुळ काढलं, चांगलं गरगरीत. बारा लिहिले, एक, दोन करत सहापर्यंत खाली आले आणि सात, आठ, नऊ, दहा, अकरा त्याच उजव्या अंगाला आत दाटीवाटीने बसवले. डावं अर्धं वर्तुळ कोरं. मला ते घड्याळ अगदी पुरं वाटलं. ती म्हणाली, "बाराच्या बारा आकडे आलेत का बघा." मी मोजले. आले होते. मग तिने शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. ती थोड्या पायऱ्यांनंतर थांबा म्हणत होती, पण मी पार दोनापर्यंत उतरूनच थांबले.

डोळे माझे ठीक होते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की अनेकांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. दिसतं, पण जाणवत नाही. ताटातला उजवा भाग संपला की माझं जेवण झालेलं असे. मावशी ताट अर्धं फिरवायच्या आणि माझ्या लेखी नवीन वाढप व्हायची. नवरा डावीकडच्या स्टुलावर बसायचा आणि मी त्याच्याकडे बघतही नाही म्हणून हिरमुसायचा. या आजाराची गंमत (आता गंमत म्हणते) अशी की तो झालाय हे ज्याला झालाय त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं, आणि सांगून पटत नाही. वाचताना ओळींची डावी टोकं माझ्याकडून सुटायची. वाक्यं मधूनच सुरू व्हायची आणि मला वाटायचं, लिहिणाऱ्यालाच लिहिता येत नाही. ओटीने पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून दिली. प्रत्येक ओळीआधी लाल पट्टी सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यायची, सापडली की मग वाचायचं. आरसे, विजेचे हलके झटके, हात हलवून देणारं यंत्र, हे सगळं पुढे थोडं थोडं झालं आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. त्या चिकटपट्टीवर कुणी लिहीत नाही.

आता गुणांकडे येते. माझ्या फाइलमध्ये बार्थेल इंडेक्स नावाचा एक कागद होता. सिस्टर तो भरायच्या आणि मी समोरून उलटा वाचायचे. मुलांच्या वह्या उलट्या वाचायची सवय तिथे कामी आली. हे मोजमाप १९६५ साली फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट अशा दोघींनी प्रसिद्ध केलं. दहा बाबी, शंभर गुण. खाटेवरून खुर्चीत जाणं १५, चालणं १५. जिना १०, जेवण १०, कपडे १०, संडासचा वापर १०, शौचावर ताबा १०, लघवीवर ताबा १०. तोंड धुणं, केस विंचरणं वगैरे मिळून ५. आंघोळ ५. बेरीज जमते, मी करून पाहिली. बाकी बऱ्याच ठिकाणी थोडी मदत लागली तर थोडे गुण मिळतात, आंघोळीला तशी सवलत नाही. सगळी आपली आपण केली तर पाच, कुणी पाठ चोळून दिली तरी शून्य. पहिल्या खेपेला मला पंचवीस पडले. वर्गात एखाद्याला एवढे पडले असते तर मी आईवडिलांना बोलावून घेतलं असतं.

बोलता येतं का, वाचता येतं का, हिशेब जमतो का, याला त्या कागदावर एकही गुण नाही. माझ्या अर्ध्या कोऱ्या घड्याळाचाही तिथे पत्ता नाही. महोनी आणि बार्थेल यांना याची जाण होती. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की शंभर गुण म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे. स्वयंपाक, घर सांभाळणं, चारचौघांत वावरणं त्याला जमेलच असं नाही, फक्त मदतनिसाशिवाय त्याचं भागेल. पुढे आलेल्या एफआयएम या मोजमापात अठरा बाबी आहेत आणि त्यांतल्या पाच समजणं, सांगणं, लोकांत मिसळणं, अडचण सोडवणं आणि लक्षात राहणं यांच्या. तरीही वॉर्डातलं खरं वजन उठणं, बसणं, चालणं यांनाच असतं, कारण पेशंटला घरी कधी सोडायचं हे बरंचसं त्यावर ठरतं. मला त्या कागदाचा राग नाही. मीही जन्मभर गुणच दिले. पण ज्याला गुण नाहीत ते शिकवायचंही राहून जातं, हे मला शाळेतून माहीत होतं आणि वॉर्डात पुन्हा दिसलं.

आंघोळीचंच घ्या. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उघडं बसायचं आणि दुसऱ्या बाईने आपल्याला धुवायचं. एक मावशी होत्या, त्या दारातल्या दुसऱ्या मावशीशी गप्पा मारत मला आंघोळ घालायच्या. हात चालू, गप्पा चालू, मध्येच माझं डोकं पुढे वाकवायचं, मध्येच हात उचलायचा. वाईट नव्हत्या, घाईत होत्या. दुसऱ्या मावशी आधी विचारायच्या, "ताई, पाणी आधी पायावर घेऊ का डोक्यावर?" मग तांब्या माझ्या उजव्या हातात द्यायच्या, माझा उजवा हात माझ्याच डाव्या दंडापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या, "हा तुमचाच आहे, याला तुम्हीच साबण लावा." दंड गार आणि जड लागायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यांना कुणी शिकवलं होतं की नाही कोण जाणे, पण जी बाजू मी विसरून बसले होते तिच्यावर माझाच हात रोज फिरत होता. कागदावर दोन्ही दिवशी शून्यच. पहिल्या मावशींच्या पाळीला मी आंघोळ टाळायचे, दुसऱ्या मावशींच्या पाळीला सकाळपासून तयार बसायचे.

कपड्यांचं असंच. घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला हात. हा नियम ओटीने मला शिकवला तेव्हा मी तो सूत्रासारखा पाठ केला. सूत्र पाठ होणं आणि बाही सापडणं यात मात्र फार अंतर असतं. शर्ट मांडीवर उपडा पसरायचा, कॉलर गुडघ्यांकडे, डाव्या बाहीचं तोंड दोन्ही मांड्यांच्या मध्ये उघडं ठेवायचं आणि उजव्या हाताने डावा हात उचलून तिच्यात सोडायचा. हात आत गेला तरी बोटं बाहीच्या कापडात अडकतात आणि आपल्याला कळत नाही, कारण तिथून खबरच येत नाही. मग बाही कोपराच्या वर ओढायची, खांद्यापर्यंत, नाहीतर पाठीमागून फिरवताना सगळं पुन्हा सुटतं. बाहेरून बघणाऱ्याला हे पाहवत नाही. नवऱ्याचे हात शिवशिवायचे. ओटीने त्याला स्टूल दाराबाहेर न्यायला लावलं.

रात्रीचं एक लिहायलाच हवं. लघवीवर माझा ताबा राहिला होता, म्हणजे थोडा वेळ धरता येत होतं. थोडाच वेळ. बेल वाजवली की कुणी येईपर्यंतचा काळ हा त्या थोड्या वेळात बसावा लागतो. एका रात्री बेल वाजवली, पुन्हा वाजवली, शेवटी कुणीतरी आलं आणि म्हणालं, "डायपर आहे ना? त्यातच करा." मी धरू शकत होते. मला धरायचं होतं. फाइलमध्ये 'अधूनमधून ताबा सुटतो' असं लिहिलं गेलं आणि पाच गुण गेले. शरीराचा दोष आणि बेलला झालेला उशीर यांत फरक करणारा रकाना त्या कागदावर नाही. स्ट्रोकनंतर वॉर्डात राहिलेल्या माणसांशी मी नंतर जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा चालण्याआधी ही गोष्ट निघाली. आधी इकडेतिकडे पाहतात, आवाज खाली आणतात आणि मग सांगतात.

रिकाम्या वेळाबद्दल सुरुवातीला लिहिलं ते माझ्याच वॉर्डचं रडगाणं नाही. ज्युली बर्नहार्ट या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने मेलबर्नमधल्या पाच स्ट्रोक युनिटमध्ये पेशंट दिवसा नेमकं काय करतात याची नोंद ठेवली. त्या २००४ साली आलेल्या अभ्यासात, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले पेशंट दिवसाच्या वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात आढळले आणि जवळजवळ ६० टक्के वेळ एकटे. वॉर्ड माणसांनी भरलेला असतो आणि तरी पेशंट एकटा असतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला ही आकडेवारी नवी नाही. थेरपीच्या तासातही काम किती होतं? कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत मोजलं, २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव निम्म्याच्या आसपास सत्रांत झाला, आणि झाला तिथे सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू नव्या वाटा पाडतो तेव्हा अशा आवृत्त्या शेकड्यांनी झालेल्या असतात. हे मला कुणी वॉर्डात सांगितलं नाही, नंतर वाचनात आलं. सांगितलं असतं तर त्या भिंतीवरच्या डागांऐवजी मी काहीतरी दुसरं मोजलं असतं.

शेवटी फिजिओला मीच म्हटलं, "गृहपाठ द्या." तो तरुण, हसरा मुलगा होता, काकू म्हणायचा. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खाटेच्या डावीकडे लावलं, डावीकडेच का ते मला कळलं. दिवसाचं वेळापत्रकही मागून घेतलं. त्याच्यात थेरपी दुपारी असेल असं लिहिलेलं असायचं आणि ती कधी सकाळी व्हायची, कधी व्हायचीच नाही. पण काहीतरी लिहिलेलं असलं की निदान तक्रार करायला आधार असतो.

शेजारच्या खाटेवर एक ताई होत्या. त्यांचं माझ्या उलट. डाव्या मेंदूला मार, उजवी बाजू गेलेली, आणि वाचा गेलेली. त्यांना 'असं ना, असं ना' एवढंच बोलता यायचं. पण त्या दोन शब्दांत त्या रागवायच्या, चौकशी करायच्या, थट्टा करायच्या. सूर सगळे जागच्या जागी होते. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी ज्या पेशंटच्या मेंदूवरून वाचेची जागा दाखवली, तोही 'तां' एवढंच बोलायचा आणि बाकीचं सुरांनी आणि हातांनी सांगायचा. ताईंना भेटायला येणारे लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, जसं काही कान गेलेत. किंवा बाळाशी बोलावं तसं. मग त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचे. त्या माझ्याकडे बघून डोळे फिरवायच्या.

एका दुपारी उच्चार सुधारावेत म्हणून मी पाढे म्हणत पडले होते. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. "सात चोक" म्हणून मी श्वास घ्यायला थांबले आणि पलीकडून आवाज आला, "अठ्ठावीस." स्वच्छ. मी मान वळवून पाहिलं, ताईंचं तोंड उघडं राहिलं होतं. माझ्यापेक्षा त्यांनाच धक्का बसला होता. मग आम्ही सत्तरपर्यंत गेलो. स्पीच थेरपिस्टला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. अंक, वार, पाढे, गाणी, ओळीने पाठ असलेलं पुष्कळदा वाचतं, म्हणाली, पण त्यामुळे मनातलं बोलता येईल असं नाही. तिचं बरोबर निघालं. "पाणी हवंय का?" असं विचारलं की ताई अजूनही 'असं ना'वरच अडायच्या. पण दुपारी पाढे म्हणण्याचा आमचा कार्यक्रम चालू राहिला, पुढच्या खाटेवरचे एक काका पावकी-निमकी म्हणून भाव खाऊ लागले आणि सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या की आम्हाला दटावू लागल्या. ताईंच्या मुलीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती दारातच रडायला लागली.

रडण्यावरून आठवलं. स्ट्रोकनंतर रडू कुठूनही येतं, हसूही. फिजिओने बूट बांधून दिला म्हणून मी हमसाहमशी रडले आहे, आणि दुःख म्हणावं तर काहीच नव्हतं. भावनांवरचा लगामच सैल होतो, हा इजेचाच भाग असतो, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. त्याआधी प्रत्येक वेळी कुणीतरी "धीर सोडू नका" म्हणत होतं. खरं नैराश्य वेगळं. ते साधारण तिघांतल्या एका पेशंटला कधी ना कधी गाठतं आणि बहुतेक वेळा रडतही नाही. समोरच्या रांगेतले एक गृहस्थ कधीच रडले नाहीत, तक्रार केली नाही, सांगितलं ते सगळं केलं. त्यांना 'सहकार्य करणारे पेशंट' म्हणत. मला त्यांचीच काळजी वाटायची.

आणि थकवा. थकव्याला ना रकाना, ना गुण, ना कुणाचा विश्वास. याबाबत मला एकाच माणसाचं लिहिणं पुरेपूर पटलं. अल्फ ब्रोडाल हे नॉर्वेचे मज्जारचनाशास्त्रज्ञ. मेंदूतल्या मार्गांचा अभ्यास हेच त्यांचं काम. १९७२ साली त्यांनाच स्ट्रोक झाला, माझ्यासारखीच डावी बाजू गेली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'ब्रेन' या शास्त्रीय नियतकालिकात स्वतःवरची निरीक्षणं लिहिली. अधू स्नायू हलवायला मनाचा किती जोर लागतो आणि त्या जोराने माणूस कसा दमतो, हे त्यांनी तपशिलाने मांडलं. एकाग्रता कमी झाली, जवळच्या गोष्टी लक्षात राहीनात, आपणहून काही करायची उमेद कमी झाली, भावना आवरेनाशा झाल्या, हेही नोंदवलं. आणि एक गोष्ट अशी की उजवा हात निरोगी असून उजव्या हाताचं अक्षरही बिघडलं. मी हे वाचलं तेव्हा कपाटातून वॉर्डातली माझी वही काढली. माझंही उजव्या हाताचं अक्षर त्या पानांवर ओळखू येत नाही. 'चांगली बाजू' म्हणतात ती तितकीशी चांगली नसते, हे पेशंटला आतून जाणवत असतं, पण बोलायला पुरावा नसतो.

थकव्यावर नातेवाइकांचं उत्तर ठरलेलं: अजून जोर लावा. आमच्याकडेही दीर रोज फोनवर सांगायचे, लवकरात लवकर उभं करा, जेवढं जास्त तेवढं चांगलं. मलाही तसंच वाटायचं. पण त्याच बर्नहार्टबाईंनी पुढे मोठा प्रयोग केला, पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक पेशंटांवर. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ पेशंटला अंथरुणाबाहेर काढलं तर काय होतं? २०१५ साली निकाल आला. तीन महिन्यांनी पाहिलं तर अशा पेशंटांची स्थिती नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा थोडी कमीच चांगली निघाली. पेशंट नुसते पडून असतात हे ज्यांनी दाखवलं त्यांनीच घाईचाही हिशेब मांडला, याचं मला फार कौतुक वाटतं. हे अगदी सुरुवातीच्या काळाचं आहे. पुढच्या आठवड्यांत सराव हवाच, भरपूर हवा. दिराला मी तो निकाल पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

एक सूचना मात्र रुक्षपणे देऊन टाकते, कारण ती कामाची आहे. अधू हात धरून किंवा काखेत हात घालून पेशंटला कधीही ओढू नका. लुळ्या स्नायूंनी खांद्याचा सांधा धरलेला नसतो, तो खाली सरकतो आणि मग जे दुखतं त्याने व्यायामच बंद पडतो. माझ्या वॉर्डात सगळ्या भिंतींवर तसं लिहिलेलं होतं आणि तरी घाईत ओढायचेच. मी शेवटी डाव्या दंडावर कागद चिकटवला: 'मला ओढू नका.' मोठे डॉक्टर राउंडला आले, वाचलं, आणि हाताऐवजी पाठीला आधार दिला.

घरी सोडायची तारीख ठरवणाऱ्या बैठकीला डॉक्टर, फिजिओ, ओटी, स्पीच थेरपिस्ट, सिस्टर आणि माझा नवरा होते. मी नव्हते. मी बाहेर व्हीलचेअरमध्ये वाट पाहत होते. तारीख कळली तेव्हा सगळे अभिनंदन करत होते आणि मला धडकी भरली होती. इथे हात टाकीन तिथे कठडा होता, रात्री बेल होती, उशिरा का होईना कुणी येत होतं. तसं आमच्या खोलीतल्या सगळ्यांचंच व्हायचं: आठवडाभर 'कधी सोडणार' म्हणून सिस्टरांचं डोकं खायचं आणि नाव आलं की गप्प व्हायचं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ओटी आधी घर बघून गेली. तिने न्हाणीघरात दोन कठडे कुठे ठोकायचे ते पेन्सिलीने आखून दिलं आणि पायपुसणी उचलून कपाटावर टाकली.

डिस्चार्जच्या दिवशी गुण होते पंचाहत्तर. काठी घेऊन चालत होते, घड्याळाचे आकडे दोन्ही बाजूंना जात होते, नवव्या-दहाव्याशी अजून जरा गर्दी व्हायची. डावा हात वस्तू दाबून धरण्यापुरता. शर्टाची बटणं मी आता बसल्या जागी लावते. वेळ लागतो आणि त्या वेळात मला कुणी काही सांगू नये एवढंच म्हणणं असतं.

परवा तपासणीला गेले तेव्हा ओटी तीच होती. तिने तोच कागद काढला आणि मी सवयीने समोरून वाचायला लागले. आंघोळीला तिने पाच घातले, काही न विचारता, माझ्या केसांकडे बघूनच. जिन्याशी आली आणि पुन्हा पाच लिहिले.

"तिथे दहा हवेत," मी म्हटलं. "कठडा धरून चढते आणि उतरते. कठडा चालतो, नियमात आहे."

"पण सर मागे उभे असतात ना? देखरेख लागत असेल तर पाचच, मॅडम."

"मला लागत नाही. त्यांना भीती वाटते म्हणून ते उभे राहतात. त्यांच्या भीतीचे गुण माझ्यातून का कापतेस?"

ती हसायला लागली. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सर, आठवडाभर खाली थांबून बघा. मग दहा देते."

"आठवडाभर नाही," नवरा म्हणाला. "आधी चार पायऱ्या. वरच्या."

"खालच्या," मी म्हटलं, आणि आमचं त्यावर गाडीपर्यंत भांडण चाललं.